निनावी खण

"काका, काय म्हणतंय?"

भावेशने इंजिनाच्या घरघराटावरून ओरडून विचारलं, पण कमलाकांत काही बोलले नाहीत. बोलणार तरी कसे, त्यांच्या तोंडात स्क्रू पिळायचा डिसमिस होता. चांगला हातभर लांबीचा. बोटीच्या पोटात, इंजिनासमोर ते गुडघे टेकून बसले होते; डिसमिसचं लोखंडी टोक इंजिनाच्या अंगावर टेकवलेलं, लाकडी मूठ दातांत घट्ट धरलेली आणि डोळे मिटलेले. एखाद्याने पूजेला बसावं तसे.

शेजारच्या बोटीवर धर्मेश जाळं सांधत बसला होता. त्याला एवढी संधी पुरली.

"काका, नुसताच खाता? जवल्याची चटणी आणू काय?"

कमलाकांतनी डोळे उघडले नाहीत. काका तंद्रीत आहेत असं कुणालाही वाटलं असतं. खरं म्हणजे काकांना ऐकूच आलं नव्हतं.

मग त्यांनी मूठ दातांतून काढली, शर्टाला पुसली, खिशातला फोन काढून इंजिनाजवळ धरला आणि आवाज भरून घेतला. भावेशकडे वळून म्हणाले, "संध्याकाळी सांगतो."

"संध्याकाळी? काका, पहाटेच्या भरतीला निघायचं हाय मला. बरफ सांगितलाय."

"म्हणून तर संध्याकाळी सांगतो."

"कालपासून पळवताना जरा दमतंय, बस. तुमी आत्ताच बोला ना, जा का नको जाऊ."

"घरी जाऊन बघतो. मग बोलतो."

घरी जाऊन बघतो! दांडी गावातल्या बोटवाल्यांना याची आता सवय झाली होती. कमलाकांत पूर्वी बोटीवरच सांगायचे. नुसते कठड्यावर बसून, विडीसुद्धा न विझवता: दुसऱ्या सिलिंडरचा नोजल गेलाय, टॅपेट सैल हाय, काय नाय, चांगली हाय, जा. आणि ते म्हणाले जा, की माणूस जायचा. पण दोनेक वर्षांपासून त्यांनी ही नवी पद्धत काढली होती. डिसमिस चावायचा, फोनमध्ये आवाज भरायचा, घरी जाऊन कॉम्प्युटरमध्ये बघायचं आणि मग सांगायचं. सांगणं मात्र पहिल्यासारखंच, एका वाक्यात. आणि चुकायचं नाही. त्यामुळे धर्मेशची चटणी सोडली तर कुणी फार बोलत नव्हतं.

कमलाकांतचे कान एकदम गेले नव्हते. ते हळूहळू, क्रमाने गेले. आधी बारीक आवाज गेले. शेवग्यावर येणारी चिमणीएवढी पाखरं एक दिवस नुसतीच चोच उघडमीट करताना दिसली. मग फोनची घंटी गेली. मग कुकरची शिट्टी. मग दीपाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, बांगड्या. जाडजूड आवाज तेवढे राहिले: लाटा, ट्रक आणि इंजिनाची घरघर. पण इंजिनाचं दुखणं घरघरीत नसतं ना. ते घरघरीच्या वर कुठेतरी, बारीक किरकिरत असतं. चांगल्या इंजिनाला ती किरकिर नसते, आजाऱ्याला असते, आणि प्रत्येक आजाराची किरकिर वेगळी. आयुष्यभर कमलाकांतनी तेवढीच एक गोष्ट ऐकली होती आणि नेमकी तीच आधी निघून गेली.

ते कुणालाही न सांगता बोईसरला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरीणबाईंनी टेलिफोनवालीच्या कानांवर असतं तसं यंत्र त्यांच्या डोक्याला लावलं, कागदावर उतरती रेघ काढून दाखवली आणि विचारलं, "इतकी वर्षं इंजिनाजवळ काम केलंत, कानात काही घालत नव्हता?"

"घातलं असतं तर ऐकलं कशानं असतं?" कमलाकांत म्हणाले.

कानातलं मशीन त्यांनी घेतलं. इंजिनाशेजारी ते लावलं की घरघरच दुप्पट होऊन डोक्यात घुसायची, किरकिर काही यायची नाही. मशीन देवाच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्यामागे गेलं.

सांगायचं कुणाला? बहिऱ्या मिस्त्रीच्या हातात इंजिन कोण देईल? हे एक झालं. दुसरं त्याहून अवघड होतं. जमिनीवर गाडी बंद पडली की माणूस लाथ घालून चालत घरी येतो. आत समुद्रात बंद पडली तर बोट वारा नेईल तिकडे जाते. "जा" म्हणायचं असेल तर पक्कं म्हणायला हवं होतं. घरात दीपाला कळलं होतं. तिने एका शब्दाने विचारलं नाही. फक्त एक दिवसापासून ती त्यांच्याशी बोलताना समोर येऊन उभी राहायला लागली.

आणि रिद्धी? रिद्धीला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

रिद्धी त्यांची एकुलती एक मुलगी. कुंभवली नाक्यापुढच्या एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. कारखान्याने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर ती घरी घेऊन आली होती आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्यावर नाना उद्योग करायची. तिनेच एकदा जेवताना सांगितलं की आमच्याकडे मोटारीचा आवाज पडद्यावर चित्रासारखा दिसतो, काळ्यावर पिवळे पट्टे, बिघाड झाला की नवा पट्टा उगवतो. कमलाकांतचा घास हातातच राहिला.

"बोटीच्या इंजिनाचा दिसेल?"

"कसलाबी दिसेल. तुमी घोरता त्याचापण दिसेल."

पुढच्या रविवारी तिने तसला प्रोग्राम घरच्या कॉम्प्युटरवर बसवला. बसवताना ती बडबडत होती आणि कमलाकांत तिच्या ओठांकडे बघत होते.

"बाबा, हा प्रोग्राम डब्यात बंद होऊन येतो. कंटेनर म्हणतात. जुना झाला की आख्खा डबा फेकायचा, नवा आणायचा. डब्यात काय ठेवलं असंल तर तेपण डब्यासंगं गेलं."

"मग माझे आवाज?"

"ते डब्यात नायच ठेवायचे. डब्याच्या भाईर एक खण करायचा आणि डब्याला जोडायचा. डबा बदलला तरी खण तिथंच."

हे कमलाकांतना चटकन पटलं. "म्हणजे बोटीसारखं. इंजिन बदललं तरी मासळीचा खण हाय तिथं हाय."

"बरोब्बर! आता नाव सांगा."

"कुणाचं?"

"खणाचं. नाव दिलं की नव्या डब्याला सांगता येतं, हा बघ तुझा खण, हा घे."

कमलाकांतनी लगेच हात वर केला. "नाव आत्ता नाय."

त्यांच्या घरात तशी रीत होती. नवी बोट किनाऱ्यावर बांधून होते, रंग होतो, तरी ती पाण्यात पडेपर्यंत तिचं नाव कुणी घेत नाही. नुसतं "ती" म्हणतात. पाण्यात पडली, तरंगली, नारळ फुटला, की मग नाव. कमलाकांतच्या वडिलांनी पाळलं, त्यांच्या वडिलांनी पाळलं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"बाबा, ह्याला कुठलं पाणी?"

"कामाला तर लागू दे. चाललं नीट, तर नारळी पुनवेला ठेवू नाव."

रिद्धी हसली, पण तीही त्याच घरातली. तिने नावाची जागा कोरी सोडली. कॉम्प्युटरला कोरी जागा चालत नाही. बेवारस गाठोड्याला रेल्वेवाले नंबर चिकटवतात तसं त्याने आपल्या मनाने त्या खणाला अक्षरांचं आणि आकड्यांचं एक लांबलचक शेपूट चिकटवलं, आणि काम सुरू झालं.

मग कमलाकांत अक्षरशः झपाटले. दांडीतली एकेक बोट त्यांनी गाठली. तेव्हा डिसमिस दातांत धरला की त्यांना निम्मंशिम्मं तरी ऐकू येत होतं, आणि ते निम्मंही जाणार हे माहीत होतं. प्रत्येक इंजिनाचा आवाज ते भरायचे आणि मागून स्वतः बोलायचे: "ही भावेशची. तब्येत चांगली." "ही धर्मेशची. नोजल किरकिरतोय, बदलला की परत भरायचा." बदलल्यावर परत भरायचे. फोनमध्ये जागा नसायची, म्हणून आवाज कॉम्प्युटरमध्ये चढला की फोनमधून पुसून टाकायची सोय रिद्धीने करून दिली होती. चांगला आवाज कसा दिसतो आणि आजारी कसा, असं हळूहळू आख्खं बंदर त्या खणात उतरलं. पुढे कान पुरते गेले तेव्हा काहीच अडलं नाही. आजचा आवाज घ्यायचा, त्याच बोटीचा जुना चांगला आवाज शेजारी लावायचा, नवा पिवळा पट्टा कुठे उगवलाय ते बघायचं. झालं. रिद्धीला तो बाबांचा नाद वाटायचा. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, आमचे बाबा इंजिनं जमवतात, असं ती मैत्रिणींना सांगायची.

नारळी पौर्णिमा आली, वाजतगाजत नारळ समुद्राला गेला. रिद्धीला त्या दिवशी कारखान्यात थांबवून घेतलं होतं. खणाचं नाव राहिलं ते राहिलंच.

तर त्या रविवारी भावेशच्या बोटीवरून कमलाकांत घरी आले, पाय धुतले, चष्मा लावला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. पडदा नेहमीपेक्षा चकचकीत दिसत होता. बटणं वेगळ्या जागी होती. आणि बोटींची नावं असायची तिथे काहीच नव्हतं. त्यांनी आधी आपलंच काही चुकलं असं समजून सगळं बंद केलं, पुन्हा चालू केलं. तेच.

"रिद्धी, हे कोरं काय दिसतंय?"

रिद्धी केस पुसत आली. "नवा डबा घातलाय बाबा सकाळी. मस्त दिसतोय ना? थांबा, तुमचे आवाज..." तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बोटं भराभर चालत होती ती हळू चालायला लागली. मग थांबली.

"काय झालं?"

"बाबा, कॉम्प्युटर पार भरला होता. हलत नव्हता. म्हणून मी डबा बदलला आणि मग साफसफाई केली."

"बरं केलंस. आवाज कुठं हायत?"

"जुना डबा काढल्यावर तुमचा खण मोकळा पडला. नाव असतं तर नव्या डब्यानं तोच घेतला असता. नाव नव्हतं, म्हणून त्यानं आपला नवा कोरा खण केला." ती थांबली. "साफसफाई करताना कॉम्प्युटर विचारतो, वापरात नसलेले निनावी खण टाकून देऊ का. मी हो म्हटलं. नाववाल्यांना तो हात लावत नाय. माझ्या कामाचे सगळे हायत. तुमचा..."

तिने कारखान्यातल्या वरिष्ठांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, पण कमलाकांतना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी रिद्धीचा चेहरा बघितला. पलीकडून माणूस म्हणत होता, "बॅकअप नहीं लिया था क्या? तो फिर गया समझो।"

रिद्धीने फोन ठेवला आणि, माणसं अशा वेळी करतात तेच केलं. भांडली.

"तुमीच म्हणालात ना नाव नको म्हणून! मी विचारलं होतं!"

"पुनवेला ठेवू म्हटलं होतं."

"मग पुनवेला बोलायचं!"

"पुनवेला तू घरात होतीस?"

"फोन होता ना!" मग तिचा आवाज जरा खाली आला. "बरं, जाऊ दे ना बाबा. परत करू. ह्या वेळी पयलं नाव ठेवू. बोटी काय पळून गेल्यात? तुमी परत भरा आवाज. एका मोसमात होतंय सगळं."

कमलाकांत पुन्हा कोऱ्या पडद्याकडे वळले.

दीपा बोंबील उलटायला वाळवणीवर गेली होती. जाताना तिने कुकर लावला होता. स्वयंपाकघर म्हणजे काय, कमलाकांतच्या पाठीमागे हातभर अंतरावर. कुकरची शिट्टी झाली. रिद्धी वाट बघत राहिली, आता बाबा म्हणतील गॅस बंद कर. पंख्याचा स्क्रू सैल झाला तर झोपेतून उठणारा माणूस. दुसरी शिट्टी झाली, लांबलचक, भांडी थरथरवणारी. कमलाकांत कोऱ्या पडद्याकडे बघत होते. त्यांची मानसुद्धा हलली नाही. पुन्हा एक झाली.

रिद्धीने जाऊन गॅस बंद केला. परत आली ती त्यांच्या मागेच उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा." मग मोठ्याने म्हणाली, "बाबा." मग ती पुढे आली.

"कवापासून?"

कमलाकांतनी चष्मा काढला. "तुला नोकरी लागायच्या आदीपासून."

"मग हे सगळं..."

"ऐकायला येत होतं तेवा भरून ठेवलं. चांगला आवाज कंचा, आजारी कंचा, ते त्यात माझं मीच बोललोय. आता भरायला काय, फोन भरंल. पण चांगला कंचा ते सांगायचं कुणी?"

त्या घरात चुकलं, माफ करा असलं काही म्हणायची पद्धत नव्हती. रिद्धी खाली लादीवर बसली. कमलाकांतनी उठून चपला घातल्या.

बंदरावर भावेश खणात बर्फ ओतत होता. धर्मेश पाट्या पुढे करत होता. काका दिसताच भावेशने फावडं टेकवलं.

"बोला काका, काय म्हणतंय?"

"ठाऊक नाय."

हा शब्द दांडीत कुणी कमलाकांतच्या तोंडून ऐकला नव्हता. भावेशला वाटलं काका गंमत करतायत.

"मला ऐकू येत नाय, भावेश."

भावेशने धर्मेशकडे बघितलं. धर्मेश बर्फाकडे बघायला लागला.

"काका," भावेश म्हणाला, "ते आख्ख्या दांडीला ठाऊक हाय. आमी तुमच्याशी बोंबलून बोलतो, ते काय हौस म्हणून?"

कमलाकांतनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं. "मग माझ्याकडं येता कशाला?"

"तुमचं चुकत नाय म्हणून. तुमी कानानं ऐका नाय तर दातानं ऐका, आमाला काय करायचंय?"

दुसरा कुणी असता तर इथे सुटलो म्हणाला असता. कमलाकांतना तसं काही वाटलं नाही. ही पोरं ज्याच्या भरवशावर समुद्रात जात होती ते आज सकाळी घरातून झाडून काढलं गेलं होतं, आणि ते फक्त त्यांना आणि रिद्धीला माहीत होतं. "जा" म्हटलं असतं तर भावेश गेला असता. तोंड उघडायचा अवकाश होता.

"आजपातूर चुकलं नाय. आज चुकंल," ते म्हणाले. "उद्या नको काढू बोट."

"आवो, बरफ वितळंल!"

"वितळू दे."

भावेश तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, जे कमलाकांतना ऐकू आलं नाही हे बरंच झालं. पण त्याने फावडं खाली ठेवलं. धर्मेश म्हणाला, "काका नको म्हणतात तर नको." चटणीचं नाव त्याने काढलं नाही.

सकाळी रिद्धी कामावर गेली नाही. कमलाकांत उठून बाहेर आले तेव्हा ती कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिने त्यांना खूण करून समोर बोलावलं, आपल्याकडे नीट बघायला लावलं आणि सावकाश बोलली.

"नवा खण करतेय. नाव सांगा."

"अजून पाण्यात..." कमलाकांत सवयीने म्हणाले आणि थांबले. देवाच्या फळीवरचा नारळ काढून त्यांनी उंबऱ्यावर फोडला. पाणी घेऊन ते कॉम्प्युटरकडे यायला लागले तशी रिद्धी ओरडली, "कीबोर्डवर नको! लांबूनच!" मग त्यांनी लांबूनच दोन थेंब शिंपडले, खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला.

"कान," ते म्हणाले.

"काय?"

"नाव. कान ठेव."

रिद्धीने टाइप केलं. एवढंसं नाव. शेपूट नाही, आकडे नाहीत.

मग दोघं बंदरावर, भावेशच्या बोटीवर गेली. रिद्धी जन्मापासून दांडीत राहिली, पण इंजिनाच्या खोलीत कधी उतरली नव्हती. आत डिझेलचा, गंजाचा आणि जुन्या मासळीचा वास होता, आणि उभं राहायला जागा नव्हती. भावेशने वरून विचारलं, "आता काय दोघं मिळून खाणार?" पण जरा बिचकतच. कमलाकांतनी हात वर केला आणि त्याने इंजिन चालू केलं.

फळ्या थरथरायला लागल्या. कमलाकांतनी डिसमिसची मूठ शर्टाला पुसली, उलटी करून पुन्हा पुसली. तिच्यावर त्यांच्या दातांच्या खाचा पडल्या होत्या. त्यांनी टोक इंजिनावर नेमक्या जागी टेकवलं, मूठ रिद्धीच्या हातात दिली आणि स्वतःच्या कानापुढच्या हाडावर बोट ठेवून दाखवलं: इथं.

रिद्धीने मूठ गालाच्या वर, हाडावर दाबली. आधी नुसताच गोंगाट आला. तिने तोंड वाकडं केलं, डोळे मिटले. मग गोंगाटातून कुठेतरी तिला काहीतरी सापडलं असावं. तिच्या भुवया किंचित वर गेल्या आणि तशाच राहिल्या.

कमलाकांत तिच्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.